हाताने रंगवलेली पक्षीचित्रे: एकाच पुस्तकाच्या दोन प्रतींत रंग वेगळे का?

रानपाखरू (प्रश्न)

इंग्रज चित्रकार एडवर्ड लिअर यांचे पोपटांच्या चित्रांचे पुस्तक १८३० ते १८३२ या काळात लंडनमध्ये भागाभागाने निघाले. ४२ चित्रे आणि १७५ प्रतींची मर्यादा, म्हणजे ७,३५० पाने. छपाई फक्त काळ्या शाईची, बाकी सगळा रंग कुंचल्याने. एवढ्या पानांवर रंग सारखा कसा राखत असत? आणि तरीही दोन प्रती शेजारी ठेवल्या की पंखांचा हिरवा वेगळा का दिसतो? शिवाय पान हाताने रंगवलेले आहे की रंगीत छापलेले, हे कसे ओळखायचे? अमेरिकन पक्षीचित्रकार ऑड्युबॉनचे पक्षीही लिअर यांच्यासारखे शिळाछापाचेच (दगडावर चित्र काढून छापलेले, लिथोग्राफ) ना?

चुनखडी

रंगाआधी दगडाकडे बघा, कारण पिसांचे निम्मे काम तिथेच होते. बव्हेरियातल्या सोल्नहोफेनची बारीक कणांची चुनखडी वापरत. दोन शिळांमध्ये वाळू आणि पाणी घालून त्या एकमेकींवर घासायच्या. वाळू जितकी बारीक तितका पृष्ठभाग बारीक, आणि तितकी पिसांची छाया मऊ उतरते. मग मेण, साबण, चरबी आणि काजळी यांच्या खडूने त्यावर उलटे चित्र काढायचे. छापल्यावर डावी-उजवी बाजू बदलते, म्हणून शिळेवर डावीकडे बघणारा पोपट पानावर उजवीकडे बघतो.

शिळेला उघडा हात लागता कामा नये. बोटाचे तेलही चरबीच, ते शाई धरते आणि कोऱ्या आभाळात डाग छापून येतो. हात टेकायला म्हणून लाकडी पट्टी आडवी ठेवत. चित्र झाले की डिंकाच्या पाण्यात थोडे नायट्रिक ॲसिड मिसळून शिळेवर फिरवायचे. ते जास्त झाले तर छातीवरची फिकट पिसे खाऊन टाकते. कमी पडले तर मधल्या मोकळ्या जागा शाईने भरतात आणि पंख काळा गोळा होतो. नंतर टर्पेंटाइनने खडू धुवायचा, स्पंजने शिळा ओली करायची, रूळाने शाई द्यायची, ओलसर कागद ठेवून दाबपट्टीखालून सरकवायचे. खडूची चरबी जिथे मुरली तिथे शाई धरते, ओल्या मोकळ्या जागेवर धरत नाही. दर छापाला पुन्हा पाणी, पुन्हा शाई.

आपल्याकडच्या शिळाप्रेसच्या पोथ्या याच तत्त्वावर छापलेल्या. तिथे अक्षर हवे होते, इथे करड्या छाया, फरक तेवढाच.

लिअर यांनी ठरलेल्या प्रती निघाल्यावर शिळा पुसून टाकल्या, त्यामुळे नंतर जादा छाप काढायची सोयच उरली नाही.

डिंकपाणी

आता रंग. ‘चित्रकाराने ७,३५० पाने रंगवली’ हे चित्र डोक्यातून काढा. चित्रकार एक नमुना-पान रंगवून मंजूर करी. ते समोर ठेवून रंगवणारे कारागीर काम करत. सोयीची पद्धत म्हणजे एका रंगाचा हात आख्ख्या गठ्ठ्यावर फिरवायचा. शेवटच्या पानापर्यंत पोचेस्तोवर पहिले वाळलेले असते. फिकट हात आधी, गडद नंतर. डोळा अगदी शेवटी, त्यावर डिंकाचा ठिपका, म्हणजे चमक येते. डिंक जाड झाला की तो तडकतो.

फरक पडतो तो इथे. वाटीतला रंग संपला की नवा कालवावा लागतो, आणि पिवळ्यात निळा किती घातला हे हातावर असते. हात बदलला, वाटी बदलली, हिरवा बदलला. दुसरे कारण कागद. त्यावर जिलेटिनचा खळ कमी असेल तर रंग शोषला जाऊन डाग पडतात. मग पातळ जिलेटिन आणि तुरटीचा हात देऊन पान सुधारावे लागे. तिसरे कारण आजचे: किरमिजी उजेडात उडतो, त्यामुळे भिंतीवर टांगलेले पान आणि बंद पुस्तकातले पान शंभर वर्षांनी सारखे राहत नाही.

इंग्रज पक्षीतज्ज्ञ जॉन गूल्ड यांच्या हिमालयातल्या पक्ष्यांच्या पुस्तकात (८० चित्रे) तर काही प्रतींत पक्षी रंगवून फांदी आणि पार्श्वभूमी तशीच सोडली आहे, काहींत तीही रंगवली आहे. शिळेवरचे रेखाटन त्यांच्या पत्नी एलिझाबेथ यांचे, छपाई लंडनचे शिळाछापवाले हलमँडेल यांच्याकडची. (पुस्तकाच्या इंग्रजी नावातली ‘सेंच्युरी’ म्हणजे शंभर वर्षे नव्हेत, शंभर पक्षी, ‘नीतिशतका’तले शतक तसे.)

गूल्ड यांच्याच गुंजनपक्ष्यांच्या (हमिंगबर्ड) पुस्तकात (१८४९–१८६१, ३६० चित्रे) गळ्याची झळाळी जलरंगाने येईना, म्हणून सोन्याचा वर्ख लावून त्यावर पारदर्शक रंग दिला. हा रंग जाड लागला की वर्ख असून नसल्यासारखा.

भिंगवाला

ऑड्युबॉनबद्दल दुरुस्ती. त्यांच्या ‘बर्ड्स ऑफ अमेरिका’ची १८२७–१८३८ ची मोठी आवृत्ती, ४३५ चित्रे, शिळाछापाची नाही. तांब्याच्या पत्र्यावर कोरीवकाम आणि ॲक्वाटिंट (पत्रा ॲसिडने खाऊन छाया आणायची पद्धत). पहिले १० पत्रे एडिनबरोत खोदकार लिझर्स यांच्याकडचे. तिथल्या रंगवणाऱ्यांनी संप केल्यावर काम लंडनला हॅवेल यांच्याकडे गेले. चित्राभोवती पत्र्याच्या कडेचा दाबलेला चौकोन बोटाला लागतो का पाहा. कागद तिथे कापला असेल तर हा पुरावा गेला. फिलाडेल्फियाची १८४०–४४ ची छोटी आवृत्ती मात्र शिळाछापाचीच.

ओळखायला १० पट भिंग पुरे. हातरंगात काळी रेघ खाली आणि रंग तिच्यावरून सलग गेलेला दिसतो. कुठे रेघेबाहेर सांडतो, कुठे आत कमी पडतो, आणि वाळताना कडेला गडद किनार धरतो. रंगीत शिळाछापात वेगवेगळ्या रंगांचे ठिपके एकमेकांवर पडलेले दिसतात. ठिपके रांगेत, गुलाबाच्या पाकळ्यांसारखे मांडलेले असतील तर ती आधुनिक छपाई, विषय संपला.

रानपाखरू

पांढऱ्या पिसांवर कधी कधी करडे-काळे चट्टे दिसतात. बुरशी का?

डिंकपाणी

बहुतेकदा नाही. पांढरे पीस शक्यतो कागद मोकळा सोडूनच दाखवत. वरून उठाव द्यायला शिशाचा पांढरा लावत. हवेतल्या गंधकाने तो काळा पडतो. बुरशी रंगाची हद्द पाळत नाही, हा डाग कुंचल्याच्या फटकाऱ्याच्या आकारातच असतो. हायड्रोजन पेरॉक्साइडने तो पुन्हा पांढरा करता येतो, पण कागद-संवर्धकाच्या हातून. घरी ओला बोळा फिरवलात तर चट्टा राहील आणि शेजारचा जलरंग निघून येईल.