मदत हवी आहे: हिमवादळात शाळा बंद झाली की मुलांची सोय कशी करता?

नमस्कार मंडळी,
यंदाच उन्हाळ्यात आम्ही नाशिकहून अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलोला आलो. नवरा हॉस्पिटलमध्ये नर्स आहे, त्याला वादळातही ड्युटी चुकत नाही. माझं काम प्रयोगशाळेतलं, घरून होण्यासारखं नाही. मुलगी दुसरीत, धाकटा चार वर्षांचा.

ईरी सरोवराच्या उबदार पाण्यावरून गार वारा आला की वाफ उचलतो आणि किनाऱ्यावरच्या चिंचोळ्या पट्ट्यात बर्फ ओततो. नोव्हेंबर २०२२ मध्ये बफेलोजवळच्या हॅम्बर्ग गावात ८० इंचांहून जास्त पडला. त्याच वर्षी नाताळातल्या वादळात ईरी काउंटीत (म्हणजे बफेलोच्या जिल्ह्यात) ४० हून अधिक माणसं गेली, अँब्युलन्सही रस्त्यात अडकल्या. हे वाचल्यापासून खरंच धास्ती वाटते.

शाळा बंदचा निरोप पहाटे येतो. तेवढ्यात मुलांना कुणाकडे ठेवता? शेजारच्या दोन-तीन घरांनी पाळीपाळीने मुलं सांभाळायची, असं कुणी केलंय का? गाडी चालवायला बंदी आली तर पायी पोचता येईल असंच घर हवं, नाहीतर उपयोग नाही.

दुसरं म्हणजे, वीज गेली की घर तापवणारी गॅसची भट्टी, म्हणजे फर्नेसही बंद पडते, कारण तिचा पंखा विजेवर चालतो. ओव्हन लावून खोली तापवायची नाही, कार्बन मोनॉक्साइडचा धोका असतो, एवढं समजलंय. मग लहान मुलांसह रात्र कशी काढता? डिसेंबरात सासूबाई येतायत, त्यांना दमा आहे.

बफेलो, रोचेस्टर, सिरॅक्यूजकडच्यांनी कृपया सविस्तर सांगा.