डिस्चार्ज मिळाला, कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट कुठाय?

प्रश्न: वडिलांची अँजिओप्लास्टी झाली. डिस्चार्ज कार्डावर लिपिड प्रोफाइलपुढे नुसतं 'पेंडिंग' लिहिलंय. फोनवर एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) 82 सांगितलं. इतकं कमी असेल तर स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी) कशाला?

उत्तर १: आधी कागद हातात घ्या. आयपीडी नंबर (रुग्णालयातला भरती क्रमांक) आणि वडिलांचं ओळखपत्र घेऊन मेडिकल रेकॉर्ड विभागात लेखी अर्ज द्या, पोच घ्या. 2002च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार मागणीनंतर 72 तासांत कागदपत्रं द्यायला हवीत. रिपोर्टवर नमुना घेतल्याची तारीख आणि वेळ आहे ना, ते नक्की बघा.

उत्तर २: ती वेळच सगळ्यात महत्त्वाची. हार्ट अटॅक आला असेल, तर साधारण 24 तासांनंतर एलडीएल आपोआप उतरतं आणि काही आठवडे खालीच राहतं. त्यामुळे नमुना समजा तिसऱ्या दिवशी घेतला असेल, तर ते 82 हे खरं 82 नसतं. गोळी कृपा करून बंद करू नका! हृदयरुग्णांना एलडीएल 70च्या खाली, बरेचदा 55च्याही खाली ठेवतात. पुन्हा तपासणी 4 ते 12 आठवड्यांत, गोळी चालू ठेवूनच.

उत्तर ३: ट्रायग्लिसराइडही (रक्तातली आणखी एक चरबी) बघा. बऱ्याच लॅब एलडीएल मोजत नाहीत, हिशेबाने काढतात. उदाहरणार्थ: एकूण कोलेस्टेरॉल 168, वजा एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) 36, वजा ट्रायग्लिसराइड 250चा पाचवा भाग म्हणजे 50, उरले 82. ट्रायग्लिसराइड 400च्या वर गेलं की हे गणित चुकतं. मग 'डायरेक्ट एलडीएल', म्हणजे थेट मोजायला सांगा.