व्हीपीएन काढल्यापासून वायफाय कनेक्टेड, पण एकही साइट उघडत नाही

रिकामा_डबा: मंडळी, डोकं फिरायची वेळ आलीये. विंडोज ११ आहे, परवा कामाचं व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कला जोडणारं सॉफ्टवेअर) अनइन्स्टॉल केलं आणि तेव्हापासून वायफाय कनेक्ट होतं, सिग्नल फुल्ल, पण ब्राउझरमध्ये काहीच उघडत नाही, फोन त्याच वायफायवर मस्त चालतोय म्हणजे राउटर ठीक आहे. फोनच्या हॉटस्पॉटवर पण तीच रड. गंमत म्हणजे तोच फोन यूएसबी केबलने जोडून टेदरिंग केलं, म्हणजे फोनचं नेट केबलमधून घेतलं, की सगळं चालतं! वायफाय कार्ड गेलं का?

झटपट_उपाय: विनसॉक रीसेट (विंडोजची नेटवर्क सेटिंग मूळ स्थितीत आणणारी कमांड) मार, रीस्टार्ट कर. नाहीच झालं तर सरळ नेटवर्क रीसेट.

तारेवरचा: नेटवर्क रीसेटची घाई नको रे, तो सगळी अडॅप्टर (वायफाय, केबल वगैरे नेटला जोडणारे भाग) काढून परत टाकतो, आपण केलेल्या सेटिंग पण जातात. आणि कार्ड गेलं असतं तर कनेक्टच झालं नसतं. यूएसबी टेदरिंगला विंडोज वेगळं अडॅप्टर धरतं, त्याची सेटिंग कोरी असते. वायफाय मात्र घरचं असो की हॉटस्पॉटचं, अडॅप्टर तेच, त्यामुळे त्यात कोणी हाताने काही भरून ठेवलं असेल तर ते सगळीकडे सोबत येतं. कमांड प्रॉम्प्टमध्ये ८.८.८.८ ला (गूगलचा सर्व्हर) पिंग करून उत्तर येतं का बघ आणि आयपीकॉन्फिग ऑल या कमांडमध्ये वायफायखाली काय येतं ते टाक.

रिकामा_डबा: विनसॉक केलं, फरक शून्य. पिंगला रिप्लाय येतोय! आयपी १९२.१६८.१.७, गेटवे १९२.१६८.१.१, डीएनएस सर्व्हर १०.८.०.१

तारेवरचा: सापडला चोर. नेट चालूच आहे, फक्त साइटच्या नावावरून पत्ता मिळत नाहीये, आणि तो पत्ता देणं हेच डीएनएस सर्व्हरचं काम. १०.८.०.१ तुझ्या व्हीपीएनच्या आतला दिसतोय, आता तिथे उत्तर द्यायला कोणी नाही. रनमध्ये एनसीपीए डॉट सीपीएल, वायफायवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, आयपीव्ही४ वर डबल क्लिक, खालच्या अर्ध्या भागात डीएनएस ऑटोमॅटिक कर. मग फ्लश डीएनएस, म्हणजे साठवलेले जुने पत्ते पुसून टाक. इथरनेटमध्येही बघ, ही सेटिंग प्रत्येक अडॅप्टरची वेगळी असते.

रिकामा_डबा: चाललं!! इथरनेटमध्ये पण तोच पत्ता ठाण मांडून बसला होता, आज केबल लावली असती तर परत इथेच रडत आलो असतो. आणि मी नवीन वायफाय डोंगल बघत बसलो होतो 😅

झटपट_उपाय: थांबा, मी दर आठवड्याला विनसॉक रीसेट मारतोय…

तारेवरचा: तुझं पण आयपीकॉन्फिग ऑल टाक बाबा.