स्मार्ट बोर्ड आणि कागदाची भाकरी

स्मार्ट बोर्ड आला की मुलं आपोआप शिकतात, असं कुणीतरी म्हटलंय. मी बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, इंटर्नशिप चालू आहे. पाचवीला अपूर्णांक घेताना पुस्तकातला क्यूआर कोड दीक्षा या सरकारी शैक्षणिक ॲपवर उघडायला गेले, तर वर्गात रेंजच नाही! दुसऱ्या दिवशी व्हिडिओ घरूनच उतरवून नेला. मुलं खूश. मग कागदाची गोल भाकरी देऊन ३/४ भाग रंगवा म्हटलं, तर बऱ्याच जणांनी तीनच तुकडे केले, तेही लहानमोठे. व्हिडिओत वर्तुळाचे चार भाग आधीच पाडलेले, मुलांनी पाडायचे कधी? व्हिडिओच्या मूल्यमापनाच्या तक्त्यात 'चित्र स्पष्ट, आवाज स्पष्ट' एवढेच रकाने. मी पेन्सिलीने एक वाढवलाय: 'स्क्रीन बंद केल्यावर काय जमलं?' मॅडम अजून काही बोलल्या नाहीत.