बडोद्यात जुन्या फियाटसाठी भरवशाचा मिस्त्री?

दांडियाबाजारकर: बाबांची १९७८ची पद्मिनी आहे, स्टेअरिंगवरच्या गिअरची. मांडवीच्या गर्दीत पाच मिनिटं अडकली की बंद. अर्धा तास गार केली की मुकाट चालू. मागे एका गॅरेजवाल्याने 'कार्बोरेटर साफ केला' म्हणत दुसराच बसवून दिला. मूळचा कुठे गेला, देव जाणे. आता कुणाच्या हवाली करू?

रावपुऱ्याचे काका: अहो, गॅरेज नंतर. बंद पडली की इंजिनाच्या पेट्रोल पंपावर (रस्त्यावरच्या नव्हे!) ओलं फडकं टाका. चालू झाली तर पेट्रोलची वाफ होतेय, म्हणून इंजिनला पेट्रोल पोचत नाही. पंप इंजिनलाच चिकटलेला, तापणारच.

जुनाट_चालक: मी आधी प्लग-पॉइंटचं (ठिणगी पाडणाऱ्या भागांचं) किरकोळ काम देतो आणि शेजारी उभा राहतो. पॉइंटची फट फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) मोजतो की नुसती डोळ्याने, तिथेच माणूस कळतो. काढलेला पार्ट हातात घेतल्याशिवाय पैसे देत नाही. जानेवारी २०२३मध्ये लक्ष्मी विलास पॅलेसला जुन्या गाड्या आल्या होत्या, तिथे मालकांनाच विचारत फिरलो. माझा मिस्त्री तसाच मिळाला. व्यनि (खाजगी निरोप) करा, पत्ता देतो.

दांडियाबाजारकर: काका, फडकं टाकलं, चालू झाली! जुनाटभाऊ, व्यनि केलाय. आई मात्र ओट्याचं फडकं शोधतेय.