मदत हवी आहे: वेबसाइटसाठी ग्राहकांचे अभिप्राय कसे मिळवायचे?

नमस्कार मंडळी. मी पुण्यात धायरी-सिंहगड रस्ता भागात रीसेल फ्लॅट आणि भाडेकरारांची कामं करतो. महारेरा (राज्याचं स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरण) नोंदणी आहे, तो नंबर वेबसाइटवर टाकलाय. अडलंय ते 'ग्राहक काय म्हणतात' या पानावर.

दस्त नोंदवून निबंधक कार्यालयाबाहेर चहा घेताना लोक भरभरून बोलतात. "तुमच्यामुळे सोसायटीची एनओसी वेळेत मिळाली हो!" पण "दोन ओळी लिहून द्याल का?" म्हटलं की "हो हो, पाठवतो" आणि नंतर फक्त हात जोडल्याची इमोजी. इंडेक्स टू (दस्त नोंदणीचा उतारा) हातात पडला की एजंट विसरला जातो, त्यात चूक नाही म्हणा. एका काकूंनी तीन मिनिटांचा व्हॉइस मेसेज पाठवला, त्यातली दोन मिनिटं पार्किंगची तक्रार.

भाचा म्हणतो, "मामा, मीच लिहितो दहा-बारा." ते करायचं नाही. २०२२ च्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरोधी नियमांनुसार जाहिरातीतली शिफारस प्रामाणिक लागते. आणि नियम नसता तरी गिऱ्हाईकाला कळतंच.

तर विचारायचं कधी? चावी देताना, की महिनाभर राहून झाल्यावर? व्हॉइस मेसेज उतरवून, त्यांना दाखवून छापला तर चालेल का? पूर्ण नाव द्यायला लोक कचरतात. 'नऱ्हे, २ बीएचके खरेदी' एवढ्यावर वाचणाऱ्याचा विश्वास बसतो का? आणि अभिप्रायाच्या बदल्यात दलालीत सूट देणं मला पटत नाही. कुणी दिली असेल तर खरं सांगा, काय झालं?