माहितीपटाचा रेडिओवरील प्रोमो: ४० सेकंदांत काय ठेवावे?

ध्वनिवेडा:
आमच्या सामुदायिक रेडिओ केंद्राने पुण्यातील पानशेतच्या पुरावर २७ मिनिटांचे रूपक, म्हणजे रेडिओवरचा माहितीपट, तयार केले असून ते पुढील बुधवारी रात्री साडेआठ वाजता प्रसारित होईल (पुराचा दिवस, १२ जुलै १९६१, हाही बुधवारच होता). त्याच्या ४० सेकंदांच्या प्रोमोचे काम माझ्याकडे आले आहे. पानशेत धरण कसे फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचे धरणही कसे फुटले, पाणी कोणत्या पेठांत शिरले, हे सारे मी संहितेत ओळीने मांडले आणि शब्द ११० झाले. निवेदिकेने ते धापा टाकत वाचून संपवले. अशा प्रोमोंचे काही रूढ संकेत आहेत काय?

जुना निवेदक:
आहेत. पहिला संकेत असा, की सुरुवात निवेदकाने करू नये. मुलाखतींतील एखादे वाक्य, बोलणाऱ्याचे नावगाव न सांगता, आधी ऐकवतात. मग निवेदक एकदोन वाक्यांत विषय सांगतो, पुन्हा एखादा आवाज येतो आणि अखेरीस शीर्षक, वार, वेळ व केंद्र. बीबीसीच्या रेडिओ ४ वर जाहिराती नसल्याने दोन कार्यक्रमांमधील फटीत असेच प्रोमो लावतात. तेथे त्यांना ट्रेल म्हणतात.

मराठी निवेदन सावकाश वाचल्यास सेकंदाला साधारण दोन शब्द बसतात. शेवटच्या तपशिलाला ८ सेकंद आणि मुलाखतींना १५ सेकंद दिले, तर आपल्या वाट्याला १७ उरतात, म्हणजे फार तर ३५ शब्द. धरणांची हकीकत रूपकातच राहू द्यावी. आपल्याकडे कोणाचे ध्वनिमुद्रण आहे?

ध्वनिवेडा:
नारायण पेठेत राहणाऱ्या एका आजींचे आहे. लोक पळा पळा म्हणून ओरडत होते, तरी चुलीवरचा भात उतरवूनच निघायचे असे त्यांनी ठरवले. तेवढ्यात जिन्याच्या खालच्या पायऱ्या पाण्याखाली गेल्या, असे त्या सांगतात.

जुना निवेदक:
मग भाताच्या वाक्यानंतर लगेच कात्री लावा. पायऱ्यांपर्यंत जाऊ नका. पुढे काय झाले हे पुण्याच्या श्रोत्याला ठाऊक असतेच, आणि ज्याला ठाऊक नसेल तो बुधवारी रेडिओ लावील.

फीतकापे:
वरील मांडणीशी मी सहमत आहे, परंतु सगळेच संकेत पाळण्याजोगे नाहीत. "पण त्या दिवशी..." म्हणून थांबणे आणि मागे तंबोरा वाजवणे आता इतके झाले आहे, की कानावर पडताच लक्ष उडते. त्याहून गंभीर बाब म्हणजे तयार ध्वनिसंग्रहातील पाण्याचा लोंढा. नाटिकेत तो चालतो. माहितीपटाच्या प्रोमोत मात्र श्रोता तो त्या पुराचाच आवाज समजतो, आणि ती फसवणूक ठरते.

शेवटची ओळ "बुधवारी", "उद्या" आणि "आज" अशी तीन प्रकारे, एकाच बैठकीत मुद्रित करून घ्यावी, कारण चार दिवसांनी निवेदिकेचा आवाज तसाच लागत नाही. आमच्याकडे एकदा प्रसारणाच्या दिवशीही "उद्या" असलेलाच प्रोमो वाजत राहिला आणि दुसऱ्या दिवशी श्रोत्यांच्या दूरध्वनींना उत्तरे देता देता आमची पुरेवाट झाली. कापलेले वाक्य आजींनाही एकदा ऐकवावे.

ध्वनिवेडा:
नवी संहिता ३३ शब्दांची झाली आहे. आजींच्या वाक्यानंतर मी एक सेकंद शांतता ठेवली, परंतु एवढ्या शांततेने प्रसारण तुटल्यासारखे वाटेल, असे आमच्या तंत्रज्ञांचे म्हणणे आहे.

फीतकापे:
त्यांचे म्हणणे बरोबर आहे. फीत कोरी सोडू नका. मुलाखत झाली त्या खोलीचा, आजी बोलायच्या थांबल्यानंतरचा आवाज मूळ ध्वनिमुद्रणात असेल; पंखा, रस्त्यावरची एखादी रिक्षा, काहीही. तोच एक सेकंद तेथे जोडा.